एक हात नातीवर

आयुष्यात मी पुष्कळ जणांवर जळले. जावेच्या लांब केसांवर जळले, शेजारणीच्या मिक्सरवर जळले, धाकट्या बहिणीला माझ्याआधी चष्मा लागला तेव्हा त्या चष्म्यावरही जळले. पण त्रेसष्टाव्या वर्षी ज्याच्यावर जळले तो माझा सख्खा नवरा होता, आणि जळण्याचं कारण होतं पाच महिन्यांच्या नातीचं ढुंगण पुसणं. हे सांगताना लाज वाटायला हवी. वाटतेही थोडी. हसू जास्त येतं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सुरतेला, डिंडोलीत राहतो. खालच्या खोल्यांत मी आणि हे, वर मुलगा आणि सून. यांनी चाळीस वर्षं जवळच्याच लिंबायतच्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. आता गुडघे आणि कान दोन्ही कमी झाल्यावर घरी बसलेत. सून सचिन या गावाच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायच्या एका युनिटमध्ये प्रयोगशाळेत आहे. हा रंग पाण्यात उतरतो का, तो घामात उतरतो का, हे दिवसभर तपासायचं तिचं काम. घरातही तिची नजर तशीच. भांडं मी घासलं की ती काही बोलत नाही, फक्त उजेडाकडे धरून पाहते.

तिची बाळंतपणाची रजा सोमवारी संपणार होती. नातीचं दिवसभर काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं, कारण माझ्या मते तो प्रश्नच नव्हता. आजी घरात बसली आहे ना! पण त्याच्या नऊ दिवस आधी, शनिवारी सकाळी, सुनेने आम्हा दोघांना समोर बसवलं.

"मम्मी, पप्पा, सचिनला आमच्या कंपनीच्या गेटजवळच एक पाळणाघर आहे. मी तिथे नाव घालून ठेवलंय."

"पाळणाघर?" माझ्या घशात चहा अडकला. "आम्ही काय मेलो?"

"ना ना मम्मी, तसं नाही. बेबी घरी राहिली तर मला जास्त आवडेल. पण तिला सारखी रॅश येते, तुम्ही बघताच. डायपर वेळेवर आणि नीट बदललं गेलं पाहिजे. आठ दिवस तुम्ही दोघं माझ्यासमोर करा. मला खात्री वाटली की पाळणाघर कॅन्सल."

मी दोन मुलगे वाढवले होते. दोघेही जिवंत आहेत, एकाला तर तिने स्वतः पसंत केलाय. आणि ही मला परीक्षा द्यायला सांगत होती! पण यांच्याकडे पाहून मी जरा गार झाले. या माणसाने, एक वेळ सोडली तर, स्वतःच्या मुलांचा लंगोट कधी हातात धरला नव्हता. परीक्षेला एकच उमेदवार बसणार आणि तोच पहिला येणार, हे उघड होतं.

सुनेने सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं. नऊ ओळी. गुजरातीत. ती जन्मली, शिकली सुरतेत, तिचा हात गुजरातीतच चालतो. मी इथे चाळीस वर्षांवर राहतेय, भाजीवाल्याशी गुजरातीत अशी भांडते की तो हात जोडतो, पण वाचायला मी कधी शिकले नाही. मी कागदासमोर उभी राहून "हं, हं," केलं आणि चष्मा सापडत नाही म्हणाले.

पहिला मान माझा. नातीला पलंगावर टाकलं, डायपरच्या चिकटपट्ट्या फर्रकन ओढल्या, आणि मग लक्षात आलं की नवं डायपर कपाटात आहे. मी उठले, गेले, घेऊन आले. चार पावलं.

"मम्मी! तिला एकटी सोडली!"

"अगं, जाते कुठे ती? अजून पालथी तरी पडते का?"

"आज नाही पडत. पडेल त्या दिवशी आधी सांगणार आहे का?"

मी पुसायला घेतलं. सून पुन्हा ओरडली. मुलीला पुढून मागे पुसायचं, मागून पुढे नाही, नाहीतर घाण लघवीच्या जागी जाते आणि आतून दुखणं होतं. मला दोन्ही मुलगेच. मुलग्यांना आपण काय, जसं ताट पुसावं तसं पुसतो. मग मी माझा हुकमी एक्का काढला, पावडरचा डबा. उलटा धरून तीनदा थोपटला. पांढरा ढग उठला. नात शिंकली, सून खोकली, दाराशी उभे असलेले हेही खोकले. पावडर छातीत जाते, सून म्हणाली, आणि ओल्यावर बसून तिचे गोळे होतात ते वेगळंच. आणि शेवटी, "मम्मी, तुम्ही सुरू करायच्या आधी हात धुतले होते?"

मी लसूण सोलून आले होते.

दुपारी यांचा नंबर लागला. मी मुद्दाम खुर्ची ओढून समोर बसले, गंमत बघायला.

हे आधी कपाटाशी गेले आणि गुजराती कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शेठच्या नोटिसा वाचून वाचून यांना ती लिपी आली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मग मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. नखांत ब्रश फिरवला. लूमवर पांढऱ्या कापडावर तेलाचं एक बोट उमटलं तरी पूर्ण ताका बाद होतो, त्यामुळे असे हात धुणं यांच्या अंगवळणी. मग पलंगाशी स्टूल ओढलं आणि त्यावर डावीकडून उजवीकडे मांडलं: कोमट पाण्याची वाटी, कापसाचा डबा, मऊ फडकं, मलम, नवं डायपर, रद्दीचा कागद. लूम सुरू करण्याआधी कारागीर जशी सगळ्या वस्तूंवर एकदा नजर टाकतो तशी टाकली. त्यानंतरच नातीला पाळण्यातून उचललं.

डावा पंजा तिच्या पोटावर. तो शेवटपर्यंत हलला नाही. उजव्या हाताने डायपर उघडलं, त्याच्याच कोरड्या भागाने पहिली घाण पुसून ते खाली दुमडलं. ओला कापूस पुढून मागे, टाकला. नवा कापूस पुढून मागे, टाकला. जांघेतल्या घड्या उघडून तिथेही. मग फडक्याने टिपून घेतलं, घासलं नाही. आणि मग नुसते थांबले.

"आता काय मुहूर्त बघताय?" मी विचारलं.

"हवा लागू दे," हे म्हणाले. "ओल्यावर बांधलं की कापडपण कुजतं."

आणि त्या दोन मिनिटांत हे बोलायला लागले. माझ्याशी नाही, तिच्याशी. आमचं घरातलं बोलणं अहिराणीच; इथे मी ते तुमच्या सोयीने लिहितेय, पण हे मात्र जसंच्या तसं ठेवते. "काय वं माय मनी? आबाले कामले लाई दिनं ना? दख, दख, कशी दखस! आते चांगलं वाटस का?" म्हणजे, आजोबाला कामाला लावलंस ना, बघ कशी बघते, आता बरं वाटतं का.

नात खदखदून हसली. पाच महिन्यांत मी तिला ताटल्या वाजवून दाखवल्या, मांजर होऊन दाखवलं, नाचले. ती माझ्याकडे पंचायतीच्या सरपंचासारखी बघायची. आणि यांच्यासमोर, उघड्या ढुंगणाने, ती हसली.

मला जळायला तेवढं पुरे होतं, पण त्याखाली अजून एक निखारा होता. या माणसाने माझ्याशी दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलून संसार केला. लूमच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, तिथे माणसं खुणा करतात. यांनी ती सवय घरी आणली. मीठ हवं तर बोट. पाणी हवं तर अंगठा. आणि ते सगळं साठवलेलं बोलणं आता या साडेसहा किलोच्या बाईला मिळत होतं! म्हणजे मी नवऱ्यावर जळत होते, कारण नात त्याला हसली. आणि नातीवर जळत होते, कारण नवरा तिच्याशी बोलला. एकाच पलंगावर दोन सवती. माझ्यासारखी दुर्दैवी मीच.

सुनेने घाण डायपर आतल्या बाजूने गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करायला, रद्दीत बांधून झाकणाच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं. यांनी तेही केलं, पुन्हा हात धुतले आणि मलम लावलेल्या बोटाचा चुकून वास घेऊन पाहिला. सून म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर एक्सपर्ट!"

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी सगळेच."

पण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. नातीच्या जांघेतला लालपणा गेला. मी सुधारत होते, नाही असं नाही. पण माझ्या हाताखाली ती धनुष्यासारखी ताठ व्हायची.

हे हात असे होते, तर माझ्या बाळंतपणात कुठे गेले होते? चार दिवस मी हा प्रश्न मनात घोळवत भांडी आपटली. खरं उत्तर मला माहीत होतं.

थोरला झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. लिंबायतला एका खोलीत राहायचो. जाऊ तिच्या मुलाला सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे लंगोट बांधायची, पिवळट, विटके. मला ते दरिद्री वाटायचं. आमच्या गल्लीत एकजण प्रिंटिंग मिलमध्ये होता. बाद झालेले साडीचे तुकडे तिथून यायचे. पॉलिएस्टर. गुलाबी फुलं, निळे मोर, चकचकीत. मी त्यांचे वीस लंगोट शिवले आणि दोरीवर असे वाळत घातले की जावेच्या डोळ्यांत भरावेत. भरलेही. सुरतेत राहून, कापडाच्या गावात, मी बाळाला प्लॅस्टिक नेसवलं होतं! लंगोट थेंब शोषत नव्हता. मूत आत तसंच, बाळ त्यात शिजत होतं. आठवड्यात कातडी सोलली. मी काय केलं? जावेची नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या, आणि दोरीवर अजून चार मोर वाढवले.

हे संध्याकाळी कामावरून आले, लंगोट दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "हे पाणी पीत नाही. सुती पाहिजे."

मी म्हटलं, "तुम्ही लूम सांभाळा. बाळातलं तुम्हाला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी यांनी आपली सुती लुंगी फाडून चौकोन केले आणि स्वतःच एक बाळाला बांधला. गाठ मारली ती लूमवरची, तुटलेला तार म्हणजे धागा जोडायची, जी सुटत नाही. मला ती सुटेना. मी बाळ घेऊन नळावर गेले आणि पाण्याला आलेल्या सात-आठ बायकांना दाखवलं. "बघा गं, आमच्या कारागिराने पोराला लूमला जोडलंय! आता मुतलं की साडी निघणार!" बायका हसून हसून बादल्यांवर बसल्या. हे मागे उभे होते. मला माहीत होतं की उभे आहेत.

त्यानंतर यांनी लंगोटाला हात लावला नाही. लुंगीच्या चौकोनांनी बाळाची कातडी आठ दिवसांत बरी झाली, ते श्रेय मात्र मी देवाच्या अंगाऱ्याच्या नावावर लिहिलं. धाकट्याच्या वेळी मीच माहेरी सांगत फिरायचे, "आमच्यांना बाई पोराची काही हौसच नाही."

अशी मी. आता वाचणाऱ्यांना वाटेल की हे आठवून मी वरमले. नाही. अजून जळले. आपल्या चुकीने गेलेली वस्तू दुसऱ्याच्या ताटात दिसली की जास्तच जळतं.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला सून म्हणाली, "मला वाटतं पाळणाघराला नाही सांगू. डायपर आणि अंघोळ पप्पा. खिमटी, दूध मम्मी."

म्हणजे एका बाजूने घालायचं काम माझं, आणि हसवायचं काम यांच्याकडे! मी ताक वाढलं आणि ठरवलं, उद्या या एक्सपर्टची एकदा फजिती करायची. फार नाही. एकदाच, सुनेसमोर.

शनिवारी सकाळी मुलगा कामावर गेला होता, सून वर केस धूत होती. नातीच्या पाळण्यातून वास आला. यांनी नेहमीसारखं स्टूल मांडलं आणि हात धुवायला मोरीत गेले. मी पावलं न वाजवता आले, स्टुलावरून नवं डायपर आणि कापसाचा डबा उचलला आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले. मनात सगळं रचलं होतं: हे हाका मारतील, सून ओल्या केसांनी खाली येईल, आणि म्हणेल, "अरे पप्पा, सामान नाही घेतलं?" बस, एवढंच. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता, हसू फुटू नये म्हणून.

हे आले. नातीला उचलून पलंगावर ठेवलं. नजर स्टुलाकडे गेलीच नाही. ती तिच्या तोंडाकडे होती. गप्पा सुरू. डायपर उघडलं, पहिलं पुसणं झालं आणि उजवा हात न बघता कापसाकडे गेला, जसा तो लूमवर आपसूक जागेवर जायचा. हात रिकाम्या लाकडावर पडला.

यांनी वळून पाहिलं. स्टुलावर वाटी, फडकं, मलम, रद्दी. हे थांबले. मग कपाटाकडे पाहिलं. कपाट दोन पावलांवर. पंजा पोटावर ठेवूनच हे उजव्या बाजूला ताणले, गुडघा कळवळला असणार, बोटं फळीला लागेनात. अजून ताणले. तोंड कपाटाकडे.

तेवढ्यात नातीने पाय वर घेतले, कंबर वळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पालथी पडली. पलंगाच्या कडेच्या बाजूला.

मला तिचा खांदा पलंगाबाहेर दिसला. डोकं दिसलं. तोंडातला बोळा तसाच राहिला, किंकाळीही निघाली नाही. यांचं तोंड अजून कपाटाकडेच होतं. पण तार तुटला की कारागिराचा हात डोळ्यांच्या आधी पोचतो. डाव्या पंजाखाली पोट सरकून पाठ आली आणि तो पंजा मिटला. झबल्याची मूठ भरून त्याने तिला आत ओढलं. मग हे वळले.

खाली फरशी होती. संगमरवरी, मीच हौसेने बसवून घेतलेली.

"अगं ए!" हे ओरडले. आनंदाने! "ये लवकर! पालथी पडली! पालथी पडली वं माय मनी!"

मी डायपर आणि कापसाचा डबा पदराखाली धरून धावले. चादर, झबलं, यांचा शर्ट, सगळं माखलेलं, आणि नात पोटावर पडून मान वर करून आम्हाला पाहत होती.

"कुठे होतीस?"

"कणीक मळत होते." माझे हात कोरडे ठणठणीत. यांनी ते पाहिले नाहीत. कपाटाशी पाठ करून उभी राहिले आणि तिथूनच काढल्यासारखं करून कापूस आणि डायपर दिलं.

हे स्टुलाकडे पाहत होते. "इथे ठेवलं होतं मी." मग जरा थांबून, हळू आवाजात, "ठेवलं होतं ना मी?"

मी माखलेलं झबलं काढायला घेतलं.

आमच्यात मूल पहिल्यांदा पालथं पडलं की गल्लीत गूळ-फुटाणे वाटतात. सून खाली येऊन नाचली, फोटो काढले, मी परात घेऊन घरोघर फिरले. प्रत्येकजण विचारायचा, कशी पडली, कुणासमोर पडली. मी म्हणायचे, "आजोबांसमोर." हे मात्र खुर्चीत बसून होते. शर्टही बदलला नव्हता.

चार वाजता चहाला यांनी सुनेला बोलावलं. "बेटा, पाळणाघराला नाही सांगू नकोस."

"का, पप्पा?"

"आज सामान मांडायचं मी विसरलो. कापूस नाही, डायपर नाही. मांडलं असं मला पक्कं आठवतंय, पण स्टुलावर नव्हतं. कपाटाकडे हात करायला गेलो आणि ती तेव्हाच वळली. पडली असती."

सुनेचा कप खाली आला. "असं आधी कधी झालंय?"

"काय माहीत," हे म्हणाले. "विसरलेलं कसं आठवणार?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी सरळ समोर भिंतीकडे. "मग मम्मी..." ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं, कारण माझा आठ दिवसांचा निकाल आम्हा तिघांनाही माहीत होता. "पाळणाघरच बरं. सोमवारपासून."

मी तिथल्या तिथे कबुली दिली, असं लिहायला मला आवडलं असतं. मी कप गोळा केले. विसळले. संध्याकाळची भाजी निवडली. मनात म्हटलं, पाळणाघर म्हणजे निदान यांनाही मिळणार नाही. हो, असं म्हटलं. बावीस वर्षांची ती नळावरची बाई अजून माझ्यात खडखडीत जिवंत होती, आणि तिचे गुडघेही दुखत नव्हते.

रविवारी सकाळी मी पोहे घेऊन बाहेर आले. हे ओट्यावर बसले होते. समोर चष्मा, औषधाची पट्टी, किल्ली, कंगवा, पाकीट असं ओळीने मांडलं होतं. हे डोळे मिटायचे, ओठ हलवत एकेक वस्तू मोजायचे, डोळे उघडून ताडून पाहायचे. मला पाहिल्यावर पटकन सगळं खिशात घातलं.

मी पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि सुनेला हाक मारली. ती नातीला कडेवर घेऊन आली.

"यांचं काही विसरलेलं नाही," मी म्हटलं. "डायपर आणि कापूस मी उचलला होता. पडद्यामागे उभी होते."

"का?" सुनेला खरंच कळलं नव्हतं.

"गंमत म्हणून." आणि मग, कारण ते खोटं होतं, "ती यांना हसते म्हणून."

सुनेने नातीला कडेवर घट्ट धरलं. मग एवढंच म्हणाली, "मम्मी, ती पडली असती."

"हो."

"पाचवी ओळ काय आहे कागदावर? सगळं सामान जवळ, एक हात बेबीवर! तेवढी तरी वाचून..."

"मला वाचता येत नाही ते," मी म्हटलं. एकदा दार उघडलं की सगळंच बाहेर पडतं. "एकही ओळ नाही. आठ दिवस चष्मा हरवला नव्हता."

सुनेने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती ते मी अजून विचारलेलं नाही.

मी यांच्याकडे वळले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ओरडा खायला तयार होऊन उभी होते. हे म्हणाले, "म्हणजे मी मांडलं होतं?"

"मांडलं होतं."

"कापूस दुसरा, डायपर पाचवं?"

"हो हो, पाचवं!"

यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला रागच आला. रागावले नाहीत, एक शब्द नाही. पोह्यांची ताटली ओढली, संपवली, आणि अंगठ्याने अजून मागितले. मी यांचं काळीज दिवसभर चोळामोळा केलं होतं आणि यांना त्यात माझ्यावर चिडण्याइतकीही फुरसत नव्हती!

सुनेने दुपारी निकाल सांगितला. नात घरी राहील. डायपर पप्पा बदलतील. "आणि मम्मी, तुम्ही पप्पांच्या हाताखाली शिकायचं. ते म्हणतील तेव्हा एकट्याने. मी पप्पांनाच विचारणार, तुम्हाला नाही." तिचा आवाज रंग तपासतानाचा होता. मी मान डोलावली. ज्याला मी गल्लीभर बिनकामाचा ठरवला, तो आता मला पास करणार होता.

सोमवारी सून निघाली. गेटपाशी तीनदा मागे वळली. अकरा वाजता वास आला.

"चल," हे म्हणाले.

मी हात धुतले, कोपरापर्यंत. स्टूल मांडलं. हे मागे उभे राहून मोजत होते, हे मला न बघताही कळत होतं. नातीला ठेवलं, पंजा पोटावर. तिचं पोट गरम होतं आणि श्वासाबरोबर माझा हात वरखाली होत होता. इतके महिने मी तिला इतका वेळ नुसता हात लावून कधी बसलेच नव्हते. पुढून मागे. नवा कापूस. पुढून मागे. ती ताठ झाली, ओठ वाकडे झाले, आता रडणार. मागून यांनी सुरू केलं, "उगी ऱ्हाय वं माय, उगी ऱ्हाय..."

"काय एवढं बोलता हो तिच्याशी?" मी न वळता विचारलं. "परवा काहीतरी सांगत होता, खूप वेळ."

"लूमचं. पहिल्या दिवशी बोट त्यात कसं सापडलं होतं ते."

"बोट? कधी? मला कधी सांगितलं नाही!"

"तू कधी अशी गप पडून ऐकलंस?"

माझे दोन्ही हात कामात होते. मी टिपून घेतलं. हवा लागू दिली. मलम लावलं, डायपर सरकवलं, पट्ट्या लावल्या. यांनी वाकून कमरेपाशी दोन बोटं घालून पाहिली, घट्ट नाही ना म्हणून. "बरोबर."

नात हसली. तोंडभर, बोळकं दाखवत. मी एवढी फुलले की विचारू नका. मग तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती.

"तुम्ही बाहेर जाऊन बसा बघू," मी यांना म्हटलं.

हे गेले. दारापर्यंतच.